आबांचा काळा चाकू

आबांचा चाकू मी चोरला. चोरी कुणाची, तर सख्ख्या बापाची. आणि कधी, तर त्यांच्या तेराव्याच्या दिवशी, अंगणात पंगती बसलेल्या असताना. वाचणाऱ्याला वाटेल, काय बाई आहे ही! वाटू दे. मी पहिल्यापासून तोंडाची फटकळ आणि मनाची हावरी आहे, आमच्या असोद्यात कुणालाही विचारा.

चाकू म्हणजे काही फार मोठा ऐवज नव्हता. घडी केली की मुठीत मावायचा. बोटभर पातं, शिंगाची मूठ, मुठीला एक पितळी खिळा. आबांनी तो तरुणपणी फैजपूरच्या बाजारातून घेतला होता. आमची केळीची बाग, आणि केळीत राबणाऱ्या माणसाचं सगळंच काळं होतं. हात, धोतर, सदरा, जिथे म्हणून केळीचा चीक लागेल तिथे डाग पडतो आणि तो साबणाच्या बापाला ऐकत नाही. चाकूही तसाच काळाकुट्ट झाला होता. पातं काळं, मूठ काळी, धारेची एक रेघ तेवढी चकचकीत. रोज विहिरीकाठच्या दगडावर घासून घासून पातं मधोमध झिजून आत गेलं होतं.

घड उतरवायला आबा विळा वापरायचे, पण घड तयार झाला की नाही हे ठरवायचा तो चाकू. व्यापाऱ्याचा माणूस बागेत आला की आबा घडातलं एक केळं काढायचे, मधोमध आडवं कापायचे, गर बोटानं दाबून बघायचे आणि सांगायचे, "आठ दिवस थांबा." तो माणूस कितीही घाईत असू दे, थांबायचा. मग पातं धोतराला पुसून आबा चाकू मिटायचे आणि सदऱ्याच्या बाजूच्या खिशात टाकायचे. त्या मिटण्याचा एक टक् असा आवाज यायचा. तो ऐकू आला की आम्ही समजायचो, बोलणं संपलं.

त्याच चाकूनं ते सुतळी कापायचे, ऊस सोलायचे, माझ्या पेन्सिलींना टोक करायचे. शाळेतल्या पोरी शार्पनर फिरवून फिरवून पेन्सिली संपवायच्या, माझी पेन्सिल मात्र आठ आठ दिवस मोडायची नाही. उन्हाळ्यात कैरी, हिवाळ्यात पेरू. आबा पेरूची फोड करायचे, पात्यावरच ठेवून माझ्यापुढे धरायचे आणि मी ती तोंडानंच उचलायची. आई ओरडायची, "पोरीची जीभ कापली जाईन!" आबा म्हणायचे, "कापली तर बरंच व्हईन, गावाले जरा शांतता." त्या पात्यावरून खाल्लेल्या प्रत्येक फळाला चिकाचा किंचित तुरटपणा असायचा. पेरूची चव अशीच असते असं मी धरून चालले होते. लग्न होऊन धुळ्याला आले, सासरी बाजारातला पेरू विळीवर चिरून, तिखट-मीठ लावून खाल्ला, आणि पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंना वाटलं, तिखट जास्त लागलं.

आबा गेले वैशाखात, बागेतच, दुपारी. छातीत कळ आली, बांधावर टेकले ते टेकलेच. धुळ्याला आमच्या घराजवळच्या दुकानात फोन आला. मी जशी होते तशी निघाले. पारोळ्याला एसटी बंद पडली. दुसरी गाडी येईपर्यंत त्या ड्रायव्हरला मी काय काय बोलले ते आठवलं की अजून वाईट वाटतं, त्या बिचाऱ्याचा काय दोष. जळगाव, तिथून असोदा, आणि घराच्या दाराशी पोचले तर पुरुषमाणसं अंगणात ओल्या अंगानं बसलेली. सगळं उरकलं होतं.

मग मी जो काही तमाशा केला तो गाव आजही विसरलं नसेल. काकांना बोलले, भावकीला बोलले. "तोंडसुद्धा पाहू दिलं नाही मला! मी काय रस्त्यावरची होते?" काका मान खाली घालून म्हणत होते, "उन्हाळ्याचे दिवस पोरी, कसं थांबणार." माझा भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान, तेव्हा जळगावला कॉलेजात होता. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. तो एवढंच म्हणाला, "अक्का, मी म्हटलं होतं थांबू म्हणून." मी त्यालाही सोडलं नाही. त्यानं आबांच्या तोंडात पाणी तरी घातलं होतं. माझ्या वाट्याला काय आलं, तर अंगणातली राख आणि फुटलेलं मडकं.

तेराव्याला आमच्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे, छत्री, वहाणा दान देतात. पलीकडच्या गावचे एक म्हातारेबाबा त्यासाठी येऊन बसले होते. आईनं दोन धोतरं, दोन सदरे घडी करून ठेवले आणि मला म्हणाली, "खुंटीवरचा सदरा राह्यला, तेवढा आण." मी आतल्या खोलीत गेले. सदरा खुंटीवरून काढला, नाकाशी धरला, आणि तो एका बाजूला जड लागला. खिशात चाकू होता.

त्या क्षणाला माझ्या मनात जे आलं ते जसंच्या तसं सांगते. मला वाटलं, विचारलं तर हा भावाकडे जाईल. बाग त्याची, विहीर त्याची, नाव त्याचं, आबांना अग्नी त्यानं दिला. लेकीला काय, तर साडी आणि चोळी आणि वाटेनं नीट जा. मी चाकू कमरेला खोचला, वरून पदर घेतला, आणि सदऱ्याची नीट घडी करून आईच्या हातात दिली.

दोन दिवसांनी आईला चाकूची आठवण झाली. तिनं कोनाडे पाहिले, उशी-गादी झटकली, बागेतल्या बांधावर माणूस पाठवला. मग मटकन खालीच बसली. "सदऱ्यात गेला वं. खिसे पाह्यले नही मी. माझी मती मारली गेली व्हती." कपाळावर हात मारून मारून तिनं कपाळ लाल केलं. काकू म्हणाल्या, त्या बाबांकडे कुणाला तरी पाठवू, देतील परत. आई म्हणाली, "दान देलेलं मागतं का कोनी? त्यायचा जीव तिकडे अडकंन." विषय संपला.

मी समोरच बसले होते, मांडीवर सूप, सुपात डाळ. चाकू माझ्या पिशवीत, माझ्यापासून चार हातांवर. तेव्हा बोलायला हवं होतं. मी एवढी तोंडाळ, पण तोंड उघडलं नाही. म्हटलं, चार दिवस जाऊ दे, राग-दुःख निवळलं की सांगू. पुढच्या खेपेला म्हटलं, आता कुठे आई जेवायला लागली आहे, कशाला? त्याच्या पुढच्या खेपेला तर सांगायचीच भीती वाटायला लागली. खोटं शिळं होत गेलं की ते बाहेर काढायचं धैर्य होत नाही. प्रत्येक वेळी आई कुठल्या ना कुठल्या निमित्तानं म्हणायचीच, "एक वस्तू व्हती मानसाची, तीही मी सांभाळली नही." आणि मी उठून पाणी प्यायला जायची.

धुळ्याला मात्र चाकू माझा होता. दुपारी हे वर्कशॉपला गेलेले, सासूबाईंचा डोळा लागलेला, की मी ट्रंक उघडायची. साड्यांच्या तळातून चाकू काढायची, उघडायची आणि नाकाशी धरायची. केळीचा चीक, तंबाखू आणि आबांच्या हाताचा घाम. मी डोळे मिटून बसायची आणि बागेत असायची. त्यांच्याशी बोलायची सुद्धा. "रागावला असाल तर खुशाल रागवा," म्हणायची, "पण मी देणार नाही." सासरी काही लागलं-बोललं, अंगावर काही आलं, पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हा माहेरी पत्र लिहायच्या आधी मी चाकू काढून बसायची. त्यानं मी कधी काही कापलं नाही. नुसता उघडायचा, मिटायचा, तो टक् ऐकायचा. आबा किती हवे होते मला, काय सांगू. वाटायचं, एकदा, फक्त एकदा पात्यावर फोड धरून समोर यावेत.

सासूबाईंना मी सांगितलं होतं की वडिलांनी दिला. आबा गेल्याच्या तिसऱ्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, "सकाय खंडेनवमी शे. घरमानं बठ्ठं लोखंड घासी काढ. तुना बापना चाकू बी काढ. गंजेल लोखंड देवपुढे कोन ठेवस?" मला त्यांचा राग आला नाही. उलट आनंदच झाला. आबांचा चाकू माझ्या घरी पूजेला बसणार, फुलं वाहिली जाणार. म्हटलं, होऊ दे आबांचा थाट. गंज नव्हता तो, केळीचा डाग होता, हे धुळ्यात कुणाला कळणार? पण मला तर कळत होतं ना! केळीवाल्याची लेक मी. तरी हात दाखवून अवलक्षण केलं.

उकळत्या पाण्यात चिंच घातली आणि चाकू त्यात बुडवून ठेवला. मग राख, विटेची भुकटी, काथ्या. बोटं सोलवटेपर्यंत घासलं. इतक्या वर्षांचा डाग, लेकीच्या हट्टापुढे त्यानं हार मानली. पातं पांढरं पडलं. आणि गरम पाण्यानं शिंगाची मूठ तडकली, खिळा ढिला होऊन मुठीचे दोन तुकडे माझ्या हातात आले. मी घाबरले. संध्याकाळी हे आले, तुकडे पाहिले, म्हणाले, "एवढंच ना? दे इकडे." दुसऱ्या दिवशी दुपारी वर्कशॉपमधून आणून दिला. शिसवीची नवी मूठ, दोन नवे खिळे, पातं मशीनवर सरळ करून पॉलिश केलेलं. मधली झीज गेली होती. मोठ्या हौसेनं म्हणाले, "बघ, धार बघ तरी."

पाटावर विळी, कोयता, ह्यांचे पाने आणि मधोमध तो चाकू, वर झेंडूचं फूल. सासूबाई म्हणाल्या, "आते कसा नवाकोरा दिसस!" मी नमस्काराला वाकले आणि उचलून वास घेतला. चिंचेचा वास आला. मिटला तर आवाजही वेगळा. मी तिथंच पाटासमोर बसून मोठ्यानं रडले. हे गोंधळून गेले, त्यांना वाटलं मूठ आवडली नाही. त्यांना काय बोलणार? आबा गेले तेव्हा भांडायला अख्खी भावकी होती. या वेळी घासलं मीच होतं.

तरी मी तो जपला. वास गेला, रंग गेला, तरी पातं तेच होतं ना, लोखंड तेच. जिथे जाईन तिथे तो पिशवीत असायचा.

आबांना जाऊन सहा वर्षं झाली तेव्हा भावाचं लग्न ठरलं. मी करवली, चार दिवस आधीच माहेरी गेले. आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात चाकू किंवा कट्यार देतात, टोकाला लिंबू खोचून. लग्न लागेपर्यंत ती हातातून सोडायची नाही, नजर लागू नये म्हणून. हळदीच्या सकाळी काका कुठूनशी एक कट्यार मागून घेऊन आले. भाऊ पाटावर बसलेला. कट्यारीकडे बघून म्हणाला, "आबा नाहीत ते नाहीत. निदान त्यांचा चाकू तरी हातात असता."

झालं. आईनं हातातली हळदीची वाटी खाली ठेवली आणि ती तिथंच रडायला लागली. बायका तिला धरून बसल्या. आणि ती जे बोलली ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. म्हणाली, "माझ्या लग्नात हाच चाकू व्हता त्यायच्या हातात. अंतरपाट धरलेला, तोंड काही दिसे ना. खालून नुसता हात दिसला आनि चाकू दिसला. मी त्या हाताकडे पाहून लगीन लावलं. आनि मीच तो सदऱ्यासंगं देऊन बसली."

मला इतकी वर्षं वाटत होतं की तो चाकू माझा आणि आबांचा. पेरूचा, पेन्सिलीचा. माझ्या जन्माच्या आधीपासून तो आईचा होता, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भावाकडे जाईल म्हणून मी चोरला, आणि चोरला होता आईचा. मला स्वतःची शिसारी आली. मी आईचा हात धरला, तिला ओढतच आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि पिशवीतून चाकू काढून तिच्यापुढे जमिनीवर ठेवला.

"आई, हा घे. आबांचा."

तिनं उचलला. उघडला. उजेडात धरून उलटसुलट बघितला. "चांगला आहे," म्हणाली. "धुळ्याहून आनला का?"

"आणला नाही गं! आबांचाच आहे. मी चोरला होता. तेराव्याला. सदरा आणायला तू मलाच पाठवलं होतंस ना? खिशातून मी काढून घेतला."

आईनं पात्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं आता थोबाडीत बसेल. बसावी असंच वाटत होतं. ती हळूच म्हणाली, "त्यायचा काळा व्हता, माय."

मग मी सांगायला लागले. खंडेनवमी, चिंच, उकळतं पाणी, तडकलेली मूठ, वर्कशॉप, मशीन. जसजशी सांगत गेले तसतसं मलाच ते रचून सांगितल्यासारखं वाटायला लागलं. शिंगाची मूठ कुठे आहे? फेकली. पात्याची झीज? घासून सरळ केली. दाखवण्यासारखी एक खूण माझ्याजवळ नव्हती. एकूण एक खुणा मी माझ्या हातांनी धुऊन काढल्या होत्या.

आईनं चाकू मिटला आणि मला जवळ ओढलं. तिच्या हातांची हळद माझ्या गालांना लागली. "माझ्यावरचा बोल सोताच्या डोक्यावर घेते का वं? सहा वर्सं मी सोताले खात बसली, ते तुले पाह्यवलं नही. म्हनून तू चोर व्हते?"

"आई, मी खरं बोलते आहे!" मी अक्षरशः किंचाळले. बाहेर वाजंत्री चालली होती म्हणून बरं.

"बरं बरं. तुझंच खरं." लहान पोराची समजूत घालावी तशी ती मला थोपटत राहिली. मग डोळे पुसून बाहेर गेली आणि बायकांना म्हणाली, "पाहा, बापासारखाच चाकू शोधून आनला माझ्या लेकीनं, भावासाठी." सगळ्या बायका म्हणाल्या, बहीण असावी तर अशी. त्या कौतुकानं मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. भावानं टोकाला लिंबू खोचलं, माझ्याकडे बघून हसला, आणि त्या चाकूनिशी त्याचं लग्न लागलं. अंतरपाटाच्या मागे मी उभी होते. मंगलाष्टकं संपेपर्यंत मी त्याच्या हाताकडेच बघत होते.

लग्नानंतर भावाला एकट्याला गाठून सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. तो आईसारखाच मऊ. "अक्का, जाऊ दे ना," म्हणाला. "तू आणलास हेच पुष्कळ आहे." त्याच्यापुढे मी हात टेकले.

तेव्हापासून चाकू असोद्याच्या घरी आहे. देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात, लाल फडक्यात. भावाच्या दोन्ही पोरांच्या वेळी तो बाळंतिणीच्या उशाशी होता. भावकीत लग्न निघालं की आधी आमच्या घरी निरोप येतो, अक्कानं आणलेला चाकू द्या, तो लाभाचा आहे. आबांचा म्हणून त्याला कुणी ओळखत नाही. मी माहेरी गेले की फडकं सोडून एकदा हातात घेते. मागायला मला तोंड नाही.

आई त्यानंतर सात-आठ वर्षं होती. शेवटच्या दुखण्यात मी तिच्यापाशी जाऊन राहिले होते. एका सकाळी मी तिचे केस विंचरत होते. ती एकदम म्हणाली, "वर गेल्यावर त्यायनं इचारलं, माझा चाकू कुठे आहे, त काय सांगू वं मी?"

मला वाटलं, आता तरी. मी फणी खाली ठेवली. तिचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि जेवढं मऊ बोलता येईल तेवढं मऊ बोलले. "सांग, अक्कानं घेतला. अक्कापाशी होता. आता घरातच आहे, भाऊपाशी. एवढं सांग, आई. माझी शपथ आहे तुला."

तिनं माझ्याकडे खूप मायेनं पाहिलं. मान हलवली. म्हणाली, "नही वं माय. त्यायच्यासंगं मी कधी खोटं बोलली नही. आता शेवटाले कशाले बोलू?"